घटक ६ : संघटनांतील ज्ञानव्यवस्थापन आणि लेखनव्यवहार

६.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस :
१. आधारसामग्री, माहिती आणि ज्ञान यांतील फरक स्पष्ट करता येईल.
२. व्यक्त ज्ञान आणि अव्यक्त ज्ञान या संकल्पना उदाहरणांसह सांगता येतील.
३. संघटनेत ज्ञान कसे निर्माण होते, कसे पसरते आणि कोठे अडते, याचे विवेचन करता येईल.
४. कार्यभार सोपविताना करावयाचे ज्ञानटिपण मराठीत लिहिता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण कार्यालयीन पत्रव्यवहार, टिप्पणी आणि इतिवृत्त या लेखनप्रकारांचा अभ्यास केला. हे सर्व लेखन कशासाठी जपून ठेवायचे, हा प्रश्न तेथे ओझरता आला होता. या घटकात त्याचा स्वतंत्रपणे विचार करावयाचा आहे.

समजा, एका गावात नळपाणी योजनेचे काम पाहणारा ग्रामपंचायतीचा कर्मचारी तीस वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त झाला. नव्या कर्मचाऱ्याला व्हॉल्व्हच्या चाव्या, पाण्याच्या वेळांचे वेळापत्रक आणि नोंदवही मिळाली. पहिल्याच आठवड्यात वरच्या आळीला पाणी पोहोचेनासे झाले आणि मुख्य रस्त्याखालील वाहिनी फुटली. वेळापत्रक तेच होते, जलकुंभ तोच होता, व्हॉल्व्हही तेच होते. खालच्या आळीचा व्हॉल्व्ह अर्धाच उघडायचा, अन्यथा चढावर पाणी जात नाही. आणि मुख्य व्हॉल्व्ह सावकाश फिरवायचा, अन्यथा वाहिनीत कोंडलेल्या हवेमुळे दाबाचा धक्का बसून जुना जोड सुटतो, या दोन गोष्टी मात्र कोठेही लिहिलेल्या नव्हत्या. त्या निवृत्त कर्मचाऱ्याच्या हातांना ठाऊक होत्या. त्याने त्या लपविल्या नव्हत्या. त्याला त्या कोणी विचारल्या नव्हत्या.

हे उदाहरण कल्पित असले, तरी अशी परिस्थिती आपल्या परिचयाची असेल. आपल्यापैकी अनेकजण नोकरी, शेती, बचत गट, अंगणवाडी, परिवहन किंवा सहकारी संस्था यांतील काम सांभाळून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहेत. एखादी अनुभवी व्यक्ती बदलून गेली किंवा निवृत्त झाली की काम अडते, हे आपण पाहिलेले असते. संघटनेतील कोणाला तरी एखादी गोष्ट ठाऊक असणे आणि ती संघटनेला ठाऊक असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांमधील अंतर जाणीवपूर्वक कमी करण्याच्या प्रयत्नाला ज्ञानव्यवस्थापन असे म्हणतात.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ आधारसामग्री, माहिती आणि ज्ञान

हे तीन शब्द व्यवहारात एकमेकांऐवजी वापरले जातात. अभ्यासात मात्र त्यांत भेद करावा लागतो.

जलकुंभातील पाण्याच्या पातळीचे रोजचे आकडे ही आधारसामग्री होय. हे आकडे महिनावार मांडून ‘उन्हाळ्यात पातळी दुपारी सर्वांत कमी असते’ असा अर्थ काढला की ती माहिती होते. आणि ‘म्हणून उन्हाळ्यात वरच्या आळीला पहाटेच पाणी सोडावे, लग्नसराईत मात्र हा क्रम बदलावा’ असा निर्णय ज्या समजुतीच्या आधारे घेतला जातो, ते ज्ञान होय. ज्ञानात कृती करण्याची क्षमता असते, कारणांची जाण असते आणि नियम कधी मोडावा याचे तारतम्यही असते.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. कपाटे कागदांनी भरलेली असली, म्हणजे संघटनेजवळ ज्ञान आहे असे होत नाही. पुण्याच्या पुरालेखागारातील पेशवे दप्तर हे याचे आपल्या परिचयाचे उदाहरण आहे. तेथील बहुसंख्य मराठी कागद मोडी लिपीत आहेत. लिपी वाचणारे आणि त्या काळातील कारभाराची परिभाषा जाणणारे अभ्यासक जोवर आहेत, तोवरच त्या कागदांतून ज्ञान मिळू शकते. वाचणारा उरला नाही, तर कागद सुरक्षित राहूनही ज्ञान हरवते. नोंद आणि ती समजणारी व्यक्ती या दोहोंचे नाते टिकविणे, हे ज्ञानव्यवस्थापनाचे पहिले काम आहे.

६.२.२ व्यक्त ज्ञान आणि अव्यक्त ज्ञान

शब्द, आकडे, आकृत्या किंवा सूत्रे यांच्या रूपाने मांडता येते ते व्यक्त ज्ञान. नियमपुस्तिका, वेळापत्रके, नकाशे, पाककृती ही त्याची उदाहरणे होत. अनुभवाने अंगी मुरलेले, परंतु शब्दांत सहज न मांडता येणारे ज्ञान म्हणजे अव्यक्त ज्ञान. हंगेरीत जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ आणि पुढे तत्त्वचिंतक म्हणून मान्यता पावलेले मायकेल पोलान्यी यांनी या संकल्पनेची तात्त्विक मांडणी केली. त्यांचे ‘द टॅसिट डायमेन्शन’ हे पुस्तक १९६६ मध्ये प्रसिद्ध झाले. शब्दांत सांगता येणाऱ्या भागापेक्षा माणसाचे प्रत्यक्ष जाणणे मोठे असते, हे त्यांचे प्रतिपादन होते. गर्दीतून ओळखीचा चेहरा आपण क्षणात शोधतो. तो कसा ओळखला, हे मात्र सांगता येत नाही.

मुंबईतील डबेवाल्यांच्या कामात हे दोन्ही प्रकार एकत्र दिसतात. डब्याच्या झाकणावरील अक्षरे, अंक आणि रंग हे व्यक्त ज्ञान आहे. डबा कोणत्या भागातून आला, कोणत्या स्थानकावर उतरवायचा, कोणत्या इमारतीत व कितव्या मजल्यावर पोहोचवायचा, हे त्या खुणांतून कळते. परंतु फलाटावर काही मिनिटांत डब्यांची वाटणी कशी करायची, गाडी उशिरा आली तर कोणी कोणाचे ओझे उचलायचे, पावसात कोणता रस्ता धरायचा, हे झाकणावर लिहिलेले नसते. नवा माणूस जुन्याबरोबर काम करीत ते शिकतो. खुणा नसत्या तर व्यवस्था चालली नसती. केवळ खुणा असत्या तरीही ती चालली नसती.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
(अ) माहिती आणि ज्ञान यांत कोणता मुख्य फरक आहे?
(आ) पाककृतीचे पुस्तक आणि स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीचा ‘अंदाज’ यांपैकी अव्यक्त ज्ञान कोणते?

६.२.३ ज्ञाननिर्मितीचे चक्र

इकुजिरो नोनाका आणि हिरोताका ताकेउची या जपानी अभ्यासकांनी ‘द नॉलेज-क्रिएटिंग कंपनी’ या १९९५ मधील ग्रंथात संघटनेतील ज्ञाननिर्मितीच्या चार प्रक्रिया सांगितल्या आहेत :

१. सामाजिकीकरण : एकाचे अव्यक्त ज्ञान सहवासाने, निरीक्षणाने आणि सरावाने दुसऱ्याकडे जाते.
२. बाह्यीकरण : अव्यक्त ज्ञानाला शब्द, उपमा, आकृती किंवा नमुना यांच्याद्वारे व्यक्त रूप दिले जाते.
३. संयोजन : निरनिराळ्या ठिकाणचे व्यक्त ज्ञान एकत्र आणून त्याची नवी मांडणी केली जाते.
४. अंतरीकरण : व्यक्त ज्ञान वापरता वापरता पुन्हा व्यक्तीच्या अंगवळणी पडते.

नोनाका यांनी दिलेले एक उदाहरण या विषयाच्या अभ्यासात विशेष प्रसिद्ध आहे. १९८५ च्या सुमारास ओसाका येथील मात्सुशिता इलेक्ट्रिक ही कंपनी घरगुती ब्रेड बनविणारे यंत्र तयार करीत होती. यंत्रात मळलेल्या कणकेचा ब्रेड नीट होईना. वरचे कवच करपे आणि आतील भाग कच्चा राही. यंत्राने मळलेली कणीक आणि कुशल कारागिराने मळलेली कणीक यांची क्ष-किरण छायाचित्रे घेऊन तुलना केली, तरी उलगडा झाला नाही. तेव्हा इकुको तानाका या संगणकप्रणाली तयार करणाऱ्या कर्मचारी महिलेने एक मार्ग सुचविला. शहरातील ओसाका इंटरनॅशनल हॉटेलचा ब्रेड उत्तम समजला जाई. तेथील मुख्य बेकरच्या हाताखाली त्या कणीक मळण्यास शिकल्या. तो बेकर कणीक विशिष्ट प्रकारे ताणतो, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यानंतर अभियंत्यांसह वर्षभर प्रयोग करून यंत्राच्या आत खास कडा बसविण्यात आल्या आणि ताणण्याची ती क्रिया यंत्राला साधली.

बेकरच्या हाताखाली शिकणे हे सामाजिकीकरण, ‘ताणणे’ या शब्दात ती क्रिया पकडणे हे बाह्यीकरण, अभियांत्रिकीशी तिची सांगड घालणे हे संयोजन आणि या अनुभवातून संपूर्ण गटाची जाण वाढणे हे अंतरीकरण, असे हे चक्र पूर्ण होते.

या उदाहरणावर पुढे आक्षेपही घेतला गेला आणि तो आपण ध्यानात घेतला पाहिजे. रॉड्रिगो रिबेरो आणि हॅरी कॉलिन्स यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात या यंत्राची नव्याने तपासणी केली. बेकरचे सारे कौशल्य यंत्रात उतरलेले नाही, त्याच्या कामातील एक यांत्रिक क्रिया तेवढी उतरली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. कोणता ब्रेड केव्हा करावा, साहित्य कसे निवडावे, बिघडले तर काय करावे, हा भाग यंत्र वापरणारी व्यक्ती आपल्या समजुतीने भरून काढते. म्हणून अव्यक्त ज्ञान ‘संपूर्णपणे लिहून काढता येते’ असा समज करून घेऊ नये. त्याचा काही भाग लिहिता येतो, काही भाग दाखविता येतो आणि काही भाग सोबत काम केल्यानेच मिळतो.

६.२.४ अनुभवकथनाचे महत्त्व

झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रातील मानववंशशास्त्रज्ञ ज्युलियन ऑर यांनी छायाप्रती काढणाऱ्या यंत्रांची दुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञांचा अभ्यास केला. हा अभ्यास १९९६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. कंपनीने तंत्रज्ञांना दुरुस्तीच्या पायऱ्या सांगणाऱ्या पुस्तिका दिल्या होत्या. प्रत्यक्षात यंत्रे पुस्तिकेत न बसणाऱ्या रीतीने बिघडत. तेव्हा तंत्रज्ञ एकमेकांना अनुभव सांगत : ‘अमक्या ठिकाणी असेच झाले होते, दोष दाखविला जात होता एक आणि होता दुसराच.’ चहाकॉफीच्या वेळी किंवा जेवताना चालणारे हे बोलणे वरकरणी गप्पांसारखे दिसे. त्या गप्पांतूनच अवघड बिघाडांचे निदान होत असे, असे ऑर यांना आढळले.

पुढे त्याच कंपनीत ‘युरेका’ नावाची व्यवस्था उभी राहिली. तंत्रज्ञाने आपला उपाय लिहून पाठवायचा, इतर जाणत्या तंत्रज्ञांनी तो तपासायचा आणि योग्य ठरल्यास तो सर्वांसाठी उपलब्ध करून द्यायचा, अशी तिची पद्धत होती. उपायासोबत तो सुचविणाऱ्याचे नाव राहत असे.

या पद्धतीतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली : काम करणाऱ्यांचे ज्ञान तपासण्याचा अधिकार तेच काम करणाऱ्यांना होता. दुसरी : ज्ञान देणाऱ्याचे श्रेय पुसले जात नव्हते. आपल्याजवळचे ज्ञान सांगून टाकले की आपली किंमत कमी होईल, ही भीती अनेक कर्मचाऱ्यांना वाटते आणि ती निराधार नसते. कंत्राटी कामगाराकडून काम शिकून घ्यायचे आणि मग त्याला कमी करायचे, असे जेथे घडते तेथे कोणीही मोकळेपणाने सांगणार नाही. केवळ परिपत्रक काढून ज्ञान गोळा होत नसते. त्यासाठी विश्वास, वेळ आणि श्रेय द्यावे लागते.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
(अ) बाह्यीकरण म्हणजे काय?
(आ) ‘युरेका’ व्यवस्थेत उपायांची तपासणी कोण करीत असे?

६.२.५ ज्ञान अडते तेव्हा

२८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ हे अमेरिकेचे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि त्यातील सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. प्रक्षेपकाच्या जोडातील रबरी कडी थंडीमुळे कडक होऊन जोड नीट बंद न राहणे, हे तांत्रिक कारण होते. हे कारण अपघातानंतर नव्याने कळले, असे मात्र नाही. प्रक्षेपक बनविणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी आदल्या रात्रीच दूरध्वनीवरील बैठकीत धोक्याची सूचना दिली होती. ५३ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १२ अंश सेल्सिअस, याहून कमी तापमानात उड्डाण करू नये, अशी लेखी शिफारस होती. कंपनीच्या व्यवस्थापनाने ती त्याच रात्री फिरविली. उड्डाणाचा अंतिम निर्णय घेणाऱ्यांना या मूळ शिफारशीची कल्पनाच नव्हती, असे चौकशी करणाऱ्या रॉजर्स आयोगाने नमूद केले.

येथे ज्ञान होते, ते लिहिलेलेही होते. परंतु जेथे त्याची गरज होती तेथे ते पोहोचले नाही.

या अपघातानंतर नासाने अनेक सुधारणा केल्या. पूर्वानुभवातून मिळालेले धडे नोंदविणारी एक संगणकीय व्यवस्थाही नासाकडे होती. परंतु अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००२ च्या आरंभी दिलेल्या अहवालात, प्रकल्प व्यवस्थापक या नोंदींचा नियमित उपयोग करीत नाहीत, असे दाखवून दिले. पुढच्याच वर्षी, १ फेब्रुवारी २००३ रोजी, ‘कोलंबिया’ यान पृथ्वीवर परतताना नष्ट झाले. त्यात हरियाणातील कर्नाल येथे जन्मलेल्या कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीर होते. उड्डाणाच्या वेळी बाह्य टाकीवरील फेसाचा तुकडा निखळून यानाच्या डाव्या पंखावर आदळला होता. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी या आघाताचा अभ्यास केला आणि आपले निष्कर्ष पडद्यावर दाखविण्याच्या तक्त्यांतून वरिष्ठांपुढे मांडले.

भाषेच्या विद्यार्थ्यांनी या तक्त्यांपैकी एक तक्ता समजून घेण्यासारखा आहे. अपघात चौकशी मंडळाने ऑगस्ट २००३ च्या अहवालात त्याची स्वतंत्र चर्चा केली असून, माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांचे विश्लेषण तेथे दिले आहे. तक्त्याच्या शीर्षकाचा सूर दिलासा देणारा होता. सर्वांत महत्त्वाची बाब तळाशी, बारीक अक्षरांतील उपमुद्द्यांमध्ये होती : ज्या चाचण्यांच्या आधारे अंदाज बांधला जात होता, त्यांतील फेसाचा तुकडा ३ घनइंचांचा होता आणि प्रत्यक्ष आदळलेल्या तुकड्याचा अंदाज १९२० घनइंच, म्हणजे ६४० पट होता. ‘लक्षणीय’ या अर्थाचा इंग्रजी शब्द त्या एका तक्त्यावर पाच वेळा आला होता आणि दर वेळी त्याचा आशय निराळा होता. ‘लक्षणीय’ म्हणजे नेमके किती, हे कोठेच सांगितलेले नव्हते.

एका तक्त्यामुळे अपघात झाला, असे म्हणणे चुकीचे ठरेल. पंखाची छायाचित्रे मिळवावीत, ही अभियंत्यांची विनंती मान्य झाली नाही. वेळापत्रकाचा दबाव होता. फेस निखळण्याची सवय झाली होती. फेसाइतकेच संघटनेचे वर्तनही या अपघाताला कारणीभूत आहे, असा मंडळाचा निष्कर्ष होता. तथापि लेखनाच्या दृष्टीने धडा स्पष्ट आहे. धोक्याची सूचना दिली गेली होती, परंतु ती सूचना आहे असे वाचणाऱ्याला वाटावे, अशा जागी आणि अशा शब्दांत ती नव्हती. काय आधी सांगावे, आकडा कोठे द्यावा, मोघम विशेषण कोठे टाळावे, हे शैलीचे प्रश्न आपण समजतो. प्रसंगी ते जीवनमरणाचे प्रश्न असतात.

६.२.६ आज्ञेसोबत कारण : आज्ञापत्राचे उदाहरण

ज्ञानव्यवस्थापन ही संज्ञा नवी आहे. त्यामागील गरज जुनी आहे. मराठी गद्याच्या इतिहासात आपण ‘आज्ञापत्र’ या ग्रंथाचा परिचय करून घेतला आहे. इ.स. १७१५-१६ च्या सुमारास कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या नावे सिद्ध झालेला हा ग्रंथ रामचंद्रपंत अमात्य यांचा मानला जातो. छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळापासून राज्यकारभार पाहिलेल्या या वयोवृद्ध मुत्सद्द्याने दुर्ग, आरमार, वतने, सावकार, परकीय व्यापारी अशा विषयांवरील अनुभव पुढील पिढीसाठी त्यात नोंदविला. आपल्या विषयाच्या दृष्टीने पाहिले, तर निवृत्तीच्या उंबरठ्यावरील जाणत्या व्यक्तीने केलेले हे बाह्यीकरणच होय.

त्यातील आरमारासाठी लाकूड तोडण्याविषयीचा भाग पाहा. आंबा आणि फणस यांचे लाकूड आरमाराच्या उपयोगाचे असले, तरी त्यांना हात लावू देऊ नये, असे तेथे सांगितले आहे. लेखक तेवढ्यावर थांबत नाही. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत वाढत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी जोपासलेली असतात, ती तोडली तर रयतेच्या दुःखाला पारावार राहणार नाही, अशी कारणमीमांसा तो करतो. झाड जीर्ण होऊन निरुपयोगी झाले असेल, तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन ते घ्यावे, असा अपवादही सांगतो.

नियम, कारण आणि अपवाद ही त्रयी येथे पूर्ण झालेली आहे. केवळ नियम दिला, तर परिस्थिती बदलल्यावर पुढचा माणूस एक तर तो आंधळेपणाने पाळतो किंवा निरर्थक समजून मोडतो. कारण सोबत असेल, तर त्याला विचार करता येतो.

६.२.७ ज्ञानटिपण कसे लिहावे?

कार्यभार सोपविताना वस्तूंची, धारिकांची आणि शिल्लक रकमेची यादी दिली जाते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ यातील कलम ४ नुसार सार्वजनिक प्राधिकरणांनी आपले अभिलेख सूचीबद्ध करून सुस्थितीत ठेवणे बंधनकारक आहे. या यादीला ज्ञानटिपणाची जोड दिली, तर नव्या व्यक्तीला वस्तूंसोबत समजही मिळते. टिपण लिहिताना पुढील पाच प्रश्नांची उत्तरे द्यावीत :

१. नेमके काय करायचे?
२. तसेच का करायचे?
३. केव्हा वेगळे करायचे?
४. पूर्वी काय चुकले होते?
५. अडल्यास कोणाला विचारायचे?

चौथा प्रश्न सर्वांत अवघड आहे. चूक नोंदविली तर शिक्षा होईल असे वाटत असेल, तर तो रकाना कायम कोरा राहील.

प्रास्ताविकातील उदाहरण घेऊन दोन टिपणांची तुलना करू.

*टिपण पहिले :* ‘व्हॉल्व्ह क्र. ३ सकाळी ६ वाजता उघडावा. योग्य ती काळजी घ्यावी.’

*टिपण दुसरे :* ‘व्हॉल्व्ह क्र. ३ (खालची आळी) सकाळी ६ वाजता अर्धाच उघडावा. पूर्ण उघडल्यास सर्व पाणी उताराला जाते व वरच्या आळीला मिळत नाही. वरच्या आळीचा पुरवठा संपल्यावर तो पूर्ण उघडण्यास हरकत नाही. मुख्य व्हॉल्व्ह सावकाश फिरवावा; एकदम उघडल्याने रस्त्याखालील जुना जोड पूर्वी दोनदा सुटला आहे. जोडाची जागा दाखविण्यासाठी मला बोलवावे.’

पहिल्या टिपणातील ‘योग्य ती काळजी’ या शब्दांत लिहिणाऱ्याला सर्व काही दिसत होते. वाचणाऱ्याला काहीच दिसत नाही. दुसरे टिपण बोलीला जवळचे आहे, परंतु नेमके आहे. शेवटच्या वाक्याकडे विशेष लक्ष द्या. आपल्या लेखनाची मर्यादा ओळखून लिहिणारा माणूस तेथे स्वतः येण्याची तयारी दाखवितो. जे लिहून संपत नाही ते दाखवावे लागते, हे तो जाणतो.

असे टिपण लिहिण्याची सवय नसलेले अनेक जाणते कर्मचारी असतात. त्यांच्याजवळ बसून, कामाच्या जागी त्यांच्याबरोबर हिंडून, प्रश्न विचारून आणि त्यांच्याच शब्दांत उतरवून घेऊन हे काम करता येते. लिहिलेले त्यांना वाचून दाखवावे आणि त्यांचे नाव टिपणावर असावे. भाषेचा अभ्यास केलेल्या व्यक्तीला संघटनेत करता येण्याजोगे हे फार मोलाचे काम आहे.

६.३ सारांश

आधारसामग्रीला अर्थ दिला की माहिती होते आणि कृती व तारतम्य यांची जोड मिळाली की ज्ञान होते. ज्ञानाचा काही भाग व्यक्त, तर बराचसा भाग अव्यक्त असतो. सामाजिकीकरण, बाह्यीकरण, संयोजन आणि अंतरीकरण या प्रक्रियांतून ते संघटनेत निर्माण होते व पसरते. तथापि सारेच अव्यक्त ज्ञान शब्दांत उतरत नाही. अनुभवकथन, सहकाऱ्यांनी केलेली तपासणी आणि श्रेय यांमुळे ज्ञानाची देवाणघेवाण वाढते. चॅलेंजर आणि कोलंबिया यांच्या अपघातांतून, ज्ञान असूनही ते योग्य व्यक्तीपर्यंत योग्य शब्दांत न पोहोचल्यास काय होऊ शकते, हे दिसते. नियमासोबत कारण आणि अपवाद नोंदविणारे लेखनच पुढील व्यक्तीला उपयोगी पडते.

६.४ पारिभाषिक शब्द

अव्यक्त ज्ञान : अनुभवाने अंगी मुरलेले, शब्दांत सहज न मांडता येणारे ज्ञान.
बाह्यीकरण : अव्यक्त ज्ञानाला व्यक्त रूप देण्याची प्रक्रिया.
अंतरीकरण : व्यक्त ज्ञान सरावाने अंगवळणी पडण्याची प्रक्रिया.
ज्ञानटिपण : कामातील कृती, कारणे, अपवाद आणि पूर्वानुभव यांची पुढील व्यक्तीसाठी केलेली नोंद.

६.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) माहितीत अर्थ असतो, ज्ञानात त्या अर्थाच्या आधारे निर्णय व कृती करण्याची क्षमता आणि तारतम्य असते. (आ) स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीचा अंदाज.
प्रश्न २ : (अ) अव्यक्त ज्ञानाला शब्द, उपमा, आकृती किंवा नमुना यांद्वारे व्यक्त रूप देणे. (आ) त्याच क्षेत्रातील इतर जाणते तंत्रज्ञ.

६.६ सरावासाठी स्वाध्याय

१. ज्ञाननिर्मितीच्या चार प्रक्रिया आपल्या परिचयाच्या एखाद्या कामाच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. ‘नोंद आहे म्हणजे ज्ञान आहे, असे नव्हे.’ या विधानाची चर्चा करा.
३. कोलंबिया यानाच्या संदर्भातील तक्त्यात लेखनाच्या कोणत्या त्रुटी होत्या, ते लिहा.

६.७ क्षेत्रीय कार्य

आपल्या कामाच्या ठिकाणी, गावात किंवा घरात पुढील एक-दोन वर्षांत निवृत्त होणारी किंवा काम थांबविणारी एक जाणती व्यक्ती निवडा. त्या व्यक्तीसोबत निदान दोन वेळा प्रत्यक्ष कामाच्या जागी थांबा. ६.२.७ मधील पाच प्रश्नांच्या आधारे दोन पानांचे ज्ञानटिपण तयार करा, त्यांना वाचून दाखवा आणि त्यांनी सुचविलेल्या दुरुस्त्या वेगळ्या शाईने नोंदवा. त्या दुरुस्त्यांवरून आपणांस प्रथम काय समजले नव्हते, हे शेवटच्या परिच्छेदात लिहा. अभ्यासकेंद्रातील संपर्कसत्रात या टिपणावर चर्चा करा. टिपणाची एक प्रत त्या व्यक्तीच्या जागी येणाऱ्या कर्मचाऱ्याला अवश्य द्या.